अल्फा ०.९४ आला, म्हणजे प्रश्नावली तयार झाली का?

सांगलीच्या एका नर्सिंग महाविद्यालयात शिकवणाऱ्या ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचं पीएचडीचं काम तासगाव-पलूस भागातल्या द्राक्षबागांत रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांवर आहे. या बायकांमधलं नैराश्य किती तीव्र आहे हे मोजायला त्यांनी मराठीत ६४ विधानं लिहिली, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय ठेवले आणि आपल्याच महाविद्यालयातल्या ५० विद्यार्थिनींकडून भरून घेतली. क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे यादीतले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा (१ च्या जितका जवळ तितका जास्त), ०.९४ आला. मार्गदर्शक म्हणाले, उत्तम, आता गावात जा. ताई विचारतात: एवढं पुरेसं आहे का? किती जणींकडून भरून घ्यायची? आणि सौम्य, मध्यम, तीव्र हे गट कोणत्या आकड्यांवर पाडायचे?

सरळ सांगायचं तर पुरेसं नाही, आणि गावात जायची घाई करू नका. मी साताऱ्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. रुग्णांवर मोजपट्ट्या वापरणं आणि दुसऱ्यांनी केलेल्या मोजपट्ट्या मराठीत नीट बसतात का हे तपासणं, दोन्ही माझ्या कामाचे भाग आहेत. त्या अनुभवावरून लिहिते आहे. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या त्या जागी तसं सांगेन.

आधी ते ०.९४. अल्फा दोन गोष्टींवर चालतो: प्रश्न एकमेकांशी सरासरी किती जुळतात आणि प्रश्न आहेत किती. प्रश्न वाढवत गेलात की तो चढतोच. ६४ विधानांवर ०.९४ यायला त्यांच्यातला सरासरी सहसंबंध (दोन विधानांची उत्तरं किती बरोबरीनं कमी-जास्त होतात याचं माप) जेमतेम ०.२० असला तरी भागतं. सूत्रात आकडे घालून बघा. तेवढ्याच ०.२० सहसंबंधाचे नऊ प्रश्न घेतले तर अल्फा ०.६९ वर घसरतो. आता याउलट बघा. क्रोन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ मध्ये पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली तेव्हा प्राथमिक उपचार घेणाऱ्या रुग्णांत तिचा अल्फा ०.८९ होता, तोही फक्त नऊ प्रश्नांवर. म्हणजे तिथे सरासरी सहसंबंध ०.४७ च्या आसपास असला पाहिजे. तुमचा आकडा मोठा दिसतो तो गर्दीमुळे. त्यात ‘मन उदास असतं’, ‘उदास वाटतं’, ‘मनावर मळभ आहे’ अशी एकाच गोष्टीची तीन रूपं यादीत असतील तर अल्फा आणखी फुगतो, माहिती मात्र तेवढीच राहते.

आणि हा आकडा आला कुणाकडून? विशीतल्या, शिकलेल्या, बहुतेक ठणठणीत असलेल्या मुलींकडून. त्यांना तीव्र नैराश्याबद्दलची विधानं लागूच पडत नाहीत. त्यामुळे ती विधानं तीव्र आजारात कशी वागतील हे या ५० जणींच्या उत्तरांतून कळणं शक्य नाही.

तुमचा खरा प्रश्न इथे आहे असं मला वाटतं. तुम्हाला ‘नैराश्य आहे की नाही’ हे विचारायचं नाहीये, ‘किती’ हे विचारायचंय. सांगलीकरांना ‘किती’ समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाच्या पट्टीवर कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं, यावर सगळं शहर झोपायचं की सामान माळ्यावर चढवायचं ते ठरवतं. आता समजा त्या पट्टीवर ५ ते १५ फुटांच्या मधेच दाट खुणा केल्या आहेत आणि वर कोरी भिंत आहे. उन्हाळ्यात ती पट्टी अगदी अचूक वाटेल. २०१९ सारखं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं की तिचा काही उपयोग नाही. तुमची ६४ विधानं निरोगी मुलींवर पारखून घेतलीत, तर नेमकी अशी पट्टी हाती येण्याचा धोका आहे. तीव्रता मोजणाऱ्या यादीतला प्रत्येक प्रश्न पट्टीवर कुठे बसतो, खालच्या, मधल्या की वरच्या भागात, हे शोधणं म्हणजे प्रश्न ‘तपासणं’. बाकीची सगळी संख्याशास्त्राची अवजारं त्यासाठी आहेत.

त्याआधी एक नकोसा प्रश्न तुम्हाला विचारते. नवी प्रश्नावली हवीच आहे का? पीएचक्यू-९ मराठीत उपलब्ध आहे आणि वापरायला मोफत आहे. तिचे पहिले दोन प्रश्न म्हणजे पीएचक्यू-२. आशाताई गावात आजारांची जोखीम तपासायला जो सीबॅक फॉर्म भरून घेतात त्यात ते आहेत, म्हणजे तुमच्या भागातल्या बऱ्याच बायकांना ते आधीच विचारून झाले असतील. तुमच्या पीएचडीचा विषय ‘या बायकांत नैराश्य किती आणि त्याचा कशाशी संबंध’ असा असेल तर नवी पट्टी करण्यात तुमची सगळी वर्षं जातील आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहील. विषयच ‘मोजपट्टी तयार करणं’ असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही ‘आधीची पट्टी इथे कुठे कमी पडते’ हे दाखवावं लागेल. माझा सल्ला असा की तुमच्या गटातल्या बायकांना पहिल्यांदा पीएचक्यू-९ चेच प्रश्न विचारा आणि त्या कुठे अडखळतात ते पाहा. तिथे खड्डे सापडले तर नव्या प्रश्नांना आधार मिळेल. बेकच्या प्रश्नावलीसारख्या हक्क राखीव असलेल्या पट्ट्यांमधून विधानं उचलू मात्र नका, थोडे शब्द फिरवूनही नाही.

तुम्ही नवीन करायचंच ठरवलं आहे असं धरून पुढे जाते.

पहिलं काम: पट्टीत काय येणार आणि काय येणार नाही हे ठरवून कागदावर लिहा. हे सोपं वाटतं, पण पुढचं सगळं यावर उभं असतं. मॅक्स हॅमिल्टन यांच्या १९६० च्या पट्टीत १७ पैकी तीन मुद्दे एकट्या झोपेचे आहेत: झोप लागायला त्रास, मधेच जाग, पहाटे लवकर जाग. प्रत्येकाला दोन गुण, म्हणजे सहा गुण झोपेचे. परिणाम असा की नुसती गुंगी आणणारं औषध दिलं तरी एकूण गुण उतरू शकतात, मन तिथेच का असेना. १९७९ मध्ये मॉन्टगोमेरी आणि ऑसबर्ग यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी ६५ मुद्द्यांच्या एका मोठ्या पट्टीपासून सुरुवात केली, रुग्णांत सर्वाधिक आढळणारी १७ लक्षणं निवडली आणि त्यांतून उपचारानं सर्वांत जास्त हलणारी दहा ठेवली. त्यांची पट्टी औषधाचा परिणाम टिपायला चांगली आहे, कारण ती त्याच हेतूनं गाळून घेतलेली आहे. तुमचा हेतू काय? एकदाच गावाचं चित्र काढायचंय, की उपचारानंतर त्याच बाईला पुन्हा मोजायचंय? यावर कोणती विधानं टिकतील ते बदलेल. हे मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही.

हेतू कोणताही असला तरी कारणं आणि लक्षणं वेगळी ठेवा. तुम्ही नमुन्यादाखल दिलेल्या विधानांत ‘कर्जाच्या काळजीनं मला झोप येत नाही’ हे एक आहे. हे विधान कर्ज मोजतं की झोप? कर्ज नसलेली पण रात्रभर टक्क जागी असणारी बाई इथे ‘असहमत’ म्हणेल आणि तिचे गुण कमी होतील. शिवाय उद्या तुम्ही ‘कर्जाचा नैराश्याशी संबंध आहे’ असा निष्कर्ष काढलात तर परीक्षक विचारतील: बाई, कर्ज तर तुम्ही पट्टीतच घालून ठेवलं होतं, संबंध येणारच की. सासू, नवऱ्याची दारू, पोरीचं लग्न हे सगळं महत्त्वाचं आहे, पण ते वेगळ्या तक्त्यात विचारा.

सहमत-असहमत हा साचाही सोडा. तो मतं मोजायला आहे. लायकर्टनं १९३२ मध्ये तो मनोवृत्तींसाठीच मांडला होता. ‘गेल्या दोन आठवड्यांत मला रडू येत होतं’ याला सहमती कसली द्यायची? लक्षणाला एकतर ‘किती दिवस’ विचारा नाहीतर ‘किती जोरात’. दोन्ही एका विधानात कोंबू नका. दिवस विचारणार असाल तर ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ हा पर्याय शाळेत न गेलेल्या बाईला तोंडी विचारताना जड जातो. तिच्याकडे काळ मोजायची स्वतःची खूण असते. आमच्याकडे ‘गेल्या आठवड्याच्या आधीच्या बाजारापासून’ असं म्हटलं की दोन आठवडे बरोबर डोळ्यांपुढे येतात. मग ‘त्यातले किती दिवस? एखाददुसरा, बरेच, का जवळजवळ रोज?’ असं विचारता येतं.

आता विधानं येणार कुठून? ती खोलीत बसून लिहू नका. तुमच्या ६४ पैकी बरीच पाठ्यपुस्तकातली वाटतात. ‘मला जीवनात अर्थशून्यता जाणवते’ हे विधान बागेतली कुठली बाई बोलते? मिरजेच्या, सांगलीच्या मानसोपचार ओपीडीत परवानगी घेऊन बसा, उपचार सुरू असलेल्या आणि बऱ्या झालेल्या बायकांशी बोला आणि त्या आजाराचं वर्णन करताना जे म्हणतात ते जसंच्या तसं लिहून घ्या. ‘काय करूच वाटंना बघा.’ ‘जेवान गोड लागंना.’ ‘माणसं आली की उठून आत जावं वाटतंय.’ ‘पोरानं हाक मारली तरी राग येतोय, आन मग माझंच मला वाईट वाटतंय.’ हा कच्चा माल. बऱ्या झालेल्या बायकांना एक प्रश्न हमखास विचारा: ‘सगळ्यात आधी काय बिघडलं आणि सगळ्यात वाईट दिवस कसे होते?’ आधी बिघडलेल्या गोष्टी पट्टीच्या खालच्या भागात बसण्याची शक्यता असते, वाईट दिवसांच्या गोष्टी वरच्या भागात. पट्टीभर खुणा मिळवायचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

शरीराच्या तक्रारींचं काय करायचं हा तुमच्या गटातला सर्वांत अवघड भाग आहे. आपल्याकडे नैराश्य घेऊन येणारी बाई बहुतेक वेळा डोकं, छाती, अंगदुखी घेऊन येते, त्यामुळे या तक्रारी वगळल्या तर अर्धा आजार वगळला जातो. पण ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणीच्या दिवसांत आठ-आठ तास मान वर करून मणी विरळणारी प्रत्येक बाई थकलेलीच असते. ‘अंगात त्राण नाही’ या विधानाला सगळ्याच ‘रोज’ म्हणतील आणि ते विधान कुणालाच कुणापासून वेगळं काढणार नाही. शिवाय अंगात रक्त कमी असणं, थायरॉइड यांचाही थकवा असतोच. हा पेच जगात इतरत्रही सोडवावा लागला आहे. बाळंतिणींसाठी १९८७ मध्ये केलेल्या एडिनबरोच्या दहा प्रश्नांत थकव्याचा प्रश्न मुद्दाम ठेवला नाही, कारण तान्हं बाळ असलेली कुठली आई थकत नाही? वृद्धांसाठी केलेल्या येसावेज यांच्या पट्टीतही शारीरिक तक्रारींना फाटा दिला आहे.

‘कामामुळे नव्हे, तर मनामुळे थकवा येतो’ अशी मखलाशी करू नका. थकवा कशामुळे हे तिला कळलं असतं तर ती आपल्याकडे आलीच नसती. निदान करायचं काम आपण तिच्यावर ढकलतो. त्याऐवजी ‘सुट्टीच्या दिवशी, झोपून उठल्यावरही अंग जड वाटतं का’ असं विचारून पाहता येईल. चालेल की नाही हे तपासल्यावरच कळेल. शक्य असेल तर हिमोग्लोबिनही मोजा. तुमचं क्षेत्र नर्सिंग आहे, तुम्हाला ते अवघड नाही. मग थकव्याचं विधान रक्तक्षयाशी जास्त जुळतं की उदासीशी हे उघडच दिसेल.

लिहिताना टाळायच्या चुका बहुतेक पुस्तकांत असतात, म्हणून पटकन सांगते. ‘झोप लागत नाही आणि भूक मंदावली आहे’ असं एका विधानात दोन नको. नकाराला नकार नको. एक इशारा मात्र पुस्तकांत कमी सापडतो: ‘मी आनंदी असते’, ‘मला भविष्याबद्दल आशा वाटते’ अशी उलट्या गुणांची विधानं जपून घाला. १९७७ च्या सीईएस-डी या नैराश्याच्या पट्टीत अशी चार आहेत आणि विश्लेषणात ती बऱ्याचदा स्वतःचा वेगळा कंपू करून बसतात. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. ‘कसं काय?’ विचारलं की ‘देवाच्या दयेनं बरं चाललंय’ म्हणणं ही रीत आहे, त्याचा मनःस्थितीशी संबंध असेलच असं नाही. उलट, पाहुण्यासमोर ‘मी लई सुखी हाय’ म्हणणं अनेकींना नजर लागण्यासारखं वाटतं. दोन्हीकडून उत्तर बिघडतं.

विधानं लिहून झाली की ती तज्ज्ञांना दाखवायची. हा टप्पा सगळे करतात म्हणून लांबवत नाही. पाच किंवा कमी तज्ज्ञ असतील तर विधान समर्पक आहे यावर सगळ्यांचं एकमत लागतं, सहा किंवा अधिक असतील तर समर्पक म्हणणाऱ्यांचं प्रमाण साधारण ०.७८ च्या वर लागतं, असा संकेत आहे. त्या तज्ज्ञांत मानसोपचारतज्ज्ञ तर हवेतच, पण तुमच्या भागातली एखादी अनुभवी आशाताईही बसवा.

यानंतरचा टप्पा मात्र जवळजवळ कुणीच करत नाही आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा तिथेच आहे. आठ-दहा बायकांसमोर एकेक करून बसा, प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घेऊन पुढे जाऊ नका. थांबून विचारा: ‘मावशी, मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं?’ ‘उत्तर देताना कुठला दिवस आठवला?’ ‘रोज म्हणालात, ते कशावरून?’ विधानं दुरुस्त करा आणि नव्या आठ-दहा जणींकडे जा. नवीन अडचणी निघेनाशा झाल्या की थांबा. या कामात काय काय निघतं ते ऐका. पीएचक्यूच्या सहाव्या प्रश्नातलं ‘आपण अपयशी आहोत’ हे ऐकून काही जणी परीक्षेत नापास झाल्याबद्दल बोलू लागतात. सातव्या प्रश्नात लक्ष लागण्याचं पहिलं उदाहरण वर्तमानपत्र वाचण्याचं आहे. जी कधीच वाचत नाही ती ‘नाही, मला तसला त्रास नाही’ म्हणते आणि शून्य गुण घेऊन सुटते. आठव्या प्रश्नात हालचाल मंदावणं आणि उलट अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणं दोन्ही एकत्र आहेत, कारण तो निदानाच्या निकषाला धरून लिहिला आहे; ऐकणारीला त्यातलं शेवटचंच लक्षात राहतं. तुमच्या विधानांतही असं बरंच निघेल. जत तालुक्याकडून मजुरीला आलेल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या बायका तुमच्या नमुन्यात असतील तर त्यांच्यासोबत ही फेरी वेगळी करा.

प्रश्न कोण विचारतं आणि जवळ कोण बसलेलं असतं, तेही याच फेरीत ठरवा. सासू पलीकडे लसूण सोलत बसली असेल तर ‘घरात नकोसं वाटतं का’ याचं उत्तर काय येणार हे सांगायला नको.

इथवर आलात की ६४ ची २० ते २५ विधानं उरलेली असतील. आता संख्येचं काम. किती जणी लागतील हे विश्लेषणावर अवलंबून आहे: घटक विश्लेषणासाठी (कोणती विधानं एकत्र गट करतात ते पाहण्यासाठी) तीनेकशे असल्या तर निभावतं, आयटम रिस्पॉन्स पद्धत (प्रत्येक विधान तीव्रतेच्या पट्टीवर कुठे बसतं ते काढणारी) वापरायची तर पाचशेच्या आसपास जा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या बायका पट्टीच्या सगळ्या भागांतून आल्या पाहिजेत: गावातल्या, ओपीडीत नुकत्या आलेल्या, उपचारानं अर्ध्या सुधारलेल्या, पूर्ण बऱ्या झालेल्या. वॉर्डात दाखल झालेल्या अतितीव्र आणि महाविद्यालयातल्या ठणठणीत अशी दोन टोकं घेऊन मधलं मोकळं सोडलं तर कुठलीही प्रश्नावली झकास दिसते. अशा पट्टीचे आकडे प्रबंधात चमकतात आणि गावात, जिथे बहुतेक बायका मधल्या भागात असतात, तिथे कोसळतात.

प्रत्येक विधानासाठी आधी साधी वारंवारता बघा. सगळ्या शून्यावर, की सगळ्या टोकाला? सगळे पर्याय वापरले गेले का? मग ते विधान वगळून उरलेल्या बेरजेशी त्याचा सहसंबंध. दोन विधानं एकमेकांशी ०.८ च्या वर जुळली तर एक काढा. आणि इथे ती चूक होते जी मी तीव्रतेच्या पट्ट्यांत वारंवार पाहते: ‘सहसंबंध ०.३० च्या खाली गेला की विधान काढा’ हा नियम यंत्रासारखा लावला जातो. मरणाच्या विचारांचं विधान फार थोड्या जणींना लागू पडतं. बाकी सगळ्या शून्यावर असल्यामुळे त्याचा सहसंबंध कमीच दिसतो. नियमाप्रमाणे ते गळतं, त्याच्या मागून ‘अंथरुणातून उठवतच नाही’ हेही गळतं, आणि पट्टीवरच्या ४५ फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या, वरच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. अल्फा मात्र आणखी सुधारतो! समेजिमा यांचं १९६९ चं श्रेणीबद्ध प्रतिसादाचं प्रारूप यासाठीच उपयोगी पडतं. ते प्रत्येक विधान आणि त्याचा प्रत्येक पर्याय तीव्रतेच्या कोणत्या पातळीवर काम करतो हे दाखवतं. त्याचा आलेख काढा आणि पट्टीच्या कुठल्या भागात माहिती दाट आहे, कुठे विरळ, हे पाहून विधानं ठेवा किंवा काढा. संख्याशास्त्राच्या माणसाची मदत घ्या, त्यात कमीपणा नाही. त्यांना ‘हे ऑर्डिनल आहे (पर्यायांना क्रम आहे, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नाही), त्यासाठीचा पॉलिकोरिक सहसंबंध वापरा’ एवढं मात्र स्वतः सांगा. ज्या नमुन्यावरून विधानं निवडली त्याच नमुन्यावर रचना ‘सिद्ध’ करू नका. त्यासाठी नवा गट घ्या.

तीव्रता सारखीच असताना दोन गट एखाद्या विधानाला वेगळं उत्तर देतात का, हेही तपासा. ठरलेलं उदाहरण रडण्याचं. सारख्याच नैराश्यात बाया पुरुषांपेक्षा जास्त वेळा ‘रडू येतं’ म्हणतात, म्हणून ते विधान बायकांचे गुण विनाकारण वाढवतं. तुमच्या नमुन्यात फक्त बायका आहेत, पण वाचून भरणाऱ्या आणि ऐकून उत्तर देणाऱ्या, तिशीतल्या आणि पन्नाशीतल्या, अशी तुलना कराच.

मग वैधता, म्हणजे पट्टी खरंच नैराश्यच मोजते का. तुमचे गुण माहीत नसलेल्या प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञानं किंवा मानसशास्त्रज्ञानं मुलाखत घेऊन हॅमिल्टन किंवा मॉन्टगोमेरी पट्टीवर गुण द्यावेत आणि ते तुमच्या गुणांशी ताडून बघावेत. ०.६ ते ०.८ च्या दरम्यान जुळलं तर मला बरं वाटेल. ०.९५ आलं तर शंका येईल की मुलाखत घेणाऱ्यानं तुमचा कागद आधीच पाहिलाय. चिंतेच्या जीएडी-७ सारख्या पट्टीशीही जुळणारच, कारण चिंता आणि नैराश्य बऱ्याचदा हातात हात घालून येतात. पण मुलाखतीच्या गुणांपेक्षा जास्त जुळायला लागलं तर तुम्ही चिंता मोजताय. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासणी करताना मधल्या काळात जिची अवस्था बदललेली नाही तिचीच जोडी धरा. आणि उपचार सुरू झालेल्या बायकांना सहा-आठ आठवड्यांनी परत विचारा. गुण हलले नाहीत आणि बाई मात्र हसत आली, तर पट्टीत गडबड आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आकडे. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका म्हणतात. त्या पट्टीचे तीन समान भाग करून ते आलेले नाहीत, किती फुटांना वस्त्यांत पाणी शिरतं हे पाहून धरलेले आहेत. तुम्ही सुचवलेली ‘सरासरी अधिक-उणे एक प्रमाण विचलन’ ही पद्धत (सरासरीच्या आसपासच्या ‘मध्यम’, बऱ्याच खालच्या ‘सौम्य’, बऱ्याच वरच्या ‘तीव्र’) पट्टीचे भाग करते, पाणी कुठे शिरतं ते बघत नाही. तुमच्या गटात सगळ्याच दुःखी असतील तर ती अर्ध्याहून अधिक जणींना ‘मध्यम’ म्हणेल. सीमा ठरवायची तर मुलाखतीतलं निदान, रोजच्या कामात आलेला अडथळा, उपचारांची गरज यांच्याशी गुण लावून बघावे लागतात.

पीएचक्यू-९ चे ५, १०, १५, २० हे टप्पेही काही अंशी लक्षात ठेवायला सोपे म्हणून निवडले आहेत, हे तिच्या कर्त्यांनीच म्हटलंय. पण प्रत्येक टप्प्यावर कामातला अडथळा वाढत जातो हेही त्यांनी दाखवलं. मूळ अभ्यासात ६,००० रुग्ण होते, त्यांतल्या ५८० जणांची स्वतंत्र मुलाखत झाली आणि १० गुणांच्या सीमेवर संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती पकडले) व विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) दोन्ही ८८ टक्के निघाल्या. हे आकडे चांगले असूनही गावात काय होतं ते बघा. समजा १,००० बायकांपैकी खरोखर १०० जणींना नैराश्य आहे. पट्टी त्यांतल्या ८८ पकडेल. उरलेल्या ९०० पैकी १०८ जणींनाही ती चुकून ‘आहे’ म्हणेल. एकूण १९६ जणी सीमेच्या वर, त्यांतल्या निम्म्याहून कमी खऱ्या. तुम्ही प्रबंधात ‘२० टक्के महिलांना नैराश्य’ लिहिलंत तर प्रमाण दुप्पट सांगितलंत. म्हणून पहिल्या प्रबंधात सीमा सांगूच नका असं मी म्हणेन. गुण सलग ठेवा, त्यांचा अर्थ मुलाखतीच्या आधारे समजावून सांगा, सीमा पुढच्या अभ्यासावर सोडा. मार्गदर्शक आग्रह धरतील, कारण तक्त्यात तीन रकाने बरे दिसतात.

राहिलं मरणाच्या विचारांचं विधान. ते ठेवा, आणि पहिला कागद गावात जाण्याआधी, नैतिकता समितीच्या अर्जातच, ते ‘हो’ आलं तर त्याच दिवशी काय करायचं ते लिहा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही भीती अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. ‘देवानं आता उचलावं’ हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका सहज बोलून जातात, म्हणून या विधानाला बरेच होकार येतील आणि त्यांतले सगळे धोक्याचे नसतील. पण कुठला धोक्याचा हे घरी गेल्यावर एक्सेलमध्ये बघून कळत नाही. तिथेच, एकांतात, पुढचा प्रश्न विचारणारं प्रशिक्षित माणूस हवं: नुसतं वाटतं, की कसं करायचं तेही मनात आलंय? द्राक्षाच्या पट्ट्यात हा प्रश्न आणखी गंभीर, कारण फवारणीचं औषध घरातच असतं. ते कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला घरच्यांना सांगणं तुमच्या चमूच्या कामात धरा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांशी आधी बोलून ठेवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येकीला द्या, अगदी ‘नाही’ म्हणणारीलाही.

वेळापत्रकाचं एक. सगळी माहिती विरळणीच्या हंगामात गोळा करू नका. एक फेरी त्या दिवसांत आणि एक काम हलकं असताना घ्या, म्हणजे थकव्याचं आणि झोपेचं विधान हंगामाबरोबर हलतं की आजाराबरोबर, ते तुम्हाला तुमच्याच आकड्यांतून कळेल. त्यासाठी पहिल्या गप्पा आणि समजून घेण्याच्या फेऱ्या पावसाळ्यातच उरकायला लागा.